लक्ष्मीबाई टिळक : त्यांचा संसार व आपले संसार

सोलापूर जिल्ह्यात चंद्रभागेच्या काठी पंढरपूर आहे. आषाढी-कार्तिकीस तेथे वारकऱ्यांचे थवेच्या थवे लोटतात, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच गावी एक तरुण ब्राह्मण स्त्री आपल्या लहान मुलास पोटाशी धरून आप्तांच्या आश्रयाने दिवस कंठीत होती. तिचा पती जिवंत होता, विद्वान होता, नामांकित कवी होता. परंतु तो ख्रिस्ती झाला होता, आणि म्हणून ती सधवा असूनही पतीवाचून राहत होती. ती स्त्री म्हणजे लक्ष्मीबाई टिळक, आणि तो पती म्हणजे ज्यांची गीते आपल्या प्रत्येक मंडळीत रविवारी गाइली जातात ते रेव्हरंड नारायण वामन टिळक.

ह्या दोघांच्या संसाराची गोष्ट आज सांगण्याचे कारण असे. आपल्या कित्येक ख्रिस्ती घरांत प्रार्थना होते, भजन होते, आणि त्याच घरांत कधी कधी नवऱ्याचा हात बायकोवर पडतो. त्याहून दुःखाची गोष्ट ही की, कोणी कोणी त्यास शास्त्राचा आधार देऊ पाहतात. पतीने पत्नीस वळण लावावे, तिने अधीन असावे, मग मारिले तर काय बिघडले, असा त्यांचा युक्तिवाद असतो. ह्या प्रश्नाचे उत्तर नुसत्या उपदेशाने उमगत नाही. ते एखाद्या जगलेल्या आयुष्यात पाहावे लागते. लक्ष्मीबाईंचे आयुष्य त्यास फार योग्य आहे, कारण त्यात देवदूत कोणीच नाही. दोन तापट, मानी व प्रेमळ माणसे एकमेकांशी बोलावयास कशी शिकली, हीच ती हकीकत आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी झाला. माहेरचे आडनाव गोखले. गाव नाशिकजवळचे जलालपूर. माहेरी त्यांस मनकर्णिका म्हणत. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांस फाशी झाली, आणि त्या आघाताने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला की, सोवळ्याचे वेड त्यांस जन्माचे जडले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येऊ नये, कोणाचा स्पर्श होऊ नये, झाल्यास स्नान करावे, असा कडक नियम सर्व घरावर बसला. त्या नियमाचा सगळा भार घरातील स्त्रियांस व मुलांस वाहावा लागे. दुसऱ्याच्या देहावर आपल्या मनातील भीतीचे ओझे लादले म्हणजे घर कसे कोंदटते, हे त्या मुलीने बाळपणीच पाहिले. पुढे ह्याच सोवळ्याची बेडी तिच्या स्वतःच्याही पायांत पडावयाची होती.

नारायण वामन टिळक ह्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. त्यांची आई जानकीबाई कोमल मनाची, धर्मशील व काव्याची आवड असलेली होती. वडील वामनराव मात्र अत्यंत कोपिष्ट. त्यांच्या कठोरपणाचा जाच आईस सोसावा लागे, आणि मुलाच्या डोळ्यांदेखत तो घडे. मुलगा अकरा वर्षांच्या सुमाराचा असता आई वारली. आईवरचे त्याचे प्रेम जन्मभर टिकले. बापाशी मात्र त्याचे मन कधीच मोकळे झाले नाही. बापहो, घरात आपण पत्नीशी जसे वागतो ते मुले पाहत असतात. पत्नीवर उगारलेला हात तिच्याच अंगावर पडून थांबत नाही. तो मुलाच्या मनावरही पडतो, आणि तेथला वळ लवकर मिटत नाही.

आईच्या मृत्यूनंतर टिळक घर सोडून नाशिकास आले. तेथे त्यांस संस्कृताचे अध्ययन घडले. १८८० च्या सुमारास त्यांचे लग्न झाले. वधू बारा वर्षांच्या आतबाहेर, वर अठराएकोणीस वर्षांचा. मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. तिला शाळेचे शिक्षण नव्हते, आणि नवऱ्याचे सारे विश्व तर पुस्तकांचे. त्याने तिला शिकविण्याचे कितीदा तरी मनावर घेतले आणि कितीदा तरी ते तसेच राहिले. कारण टिळकांस धरसोडीची सवय होती. एक नोकरी धरावी, ती सोडावी. एका गावी बिऱ्हाड करावे, ते मोडावे. मनात आले की घरी न सांगता निघून जावे, असा त्यांचा क्रम असे. हाती आलेला पैसा घरच्या मिठामिरचीस लागण्यापूर्वी एखाद्या गरजवंताच्या हाती जाई. राग आला म्हणजे तो आगीसारखा भडके, आणि थोड्या वेळाने विझेही. लक्ष्मीबाईही काही मुक्या नव्हत्या. त्यांची जीभ तिखट होती, विनोदबुद्धी दांडगी होती, आणि हट्ट धरला तर तो सोडणे त्यांस ठाऊक नव्हते. सासरी सासऱ्यांचा जाच, घरी अन्नाची ओढाताण, आणि लहानपणीच दगावलेली मुले, असे त्या वर्षांचे दुःख होते. १८९१ साली झालेला दत्तू तेवढा वाचला. तोच पुढे देवदत्त नारायण टिळक म्हणून प्रसिद्धीस आला.

१८९३ च्या सुमारास टिळक आगगाडीने राजनांदगावकडे जात असता डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. त्या गृहस्थाने त्यांच्याशी सौजन्याने संभाषण केले व शुभवर्तमानाचे पुस्तक दिले. टिळकांनी ते वाचावयास घेतले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांचे मन तेथे गुंतून राहिले. पुढे सुमारे दोन वर्षे अंतःकरणात झगडा चालला. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही गोष्ट देवाच्या दृष्टीने मोठ्या आनंदाची होती, ह्यात संशय नाही. परंतु त्याच दिवशी एक घर मोडले, हेही आपण लपवू नये. हा निश्चय पतिपत्नींनी एकत्र बसून केलेला नव्हता. पत्नीची त्यास संमती नव्हती. वार्ता कळताच लक्ष्मीबाईंवर जणू आकाश कोसळले. अन्नपाण्यावरची वासना उडाली, झोप नाहीशी झाली, आणि जीव नकोसा झाला. आप्तांनी त्यांस सांभाळले, आणि त्या पंढरपुरास येऊन राहिल्या. नवरा मेला असता तर निदान लोक रडावयास तरी आले असते. हा वियोग असा होता की, त्याचे सुतकही धरता येत नव्हते.

आता विचार करा. त्या काळच्या रूढीप्रमाणे पत्नीवर नवऱ्याची सत्ता अमर्याद समजली जाई. कायदाही टिळकांच्या बाजूस उभा राहू शकत होता. धर्मांतरामुळे जोडीदार सहवास नाकारील, तर ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास न्यायालयाकडून तो विवाह रद्द करून घेण्याची वाट १८६६ च्या कायद्याने मोकळी केली होती. टिळक तेव्हा चौतिशीच्या घरात होते. पुन्हा संसार थाटणे त्यांस कठीण नव्हते. परंतु त्यांनी ती वाट धरिली नाही. विश्वास न ठेवणारी पत्नी राहावयास तयार असेल तर विश्वासणाऱ्या पतीने तिला सोडू नये, ही प्रेषित पौलाची शिकवण करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात आहे. येथे तर पत्नी यावयासही तयार नव्हती. तरी पतीने आपल्या बाजूने दार लोटून घेतले नाही.

ते अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, राहिले. तेथे डॉक्टर ह्यूम ह्यांच्या हाताखाली उपदेशकांस शिकविण्याचे काम करीत असता ते पत्नीस पत्रे लिहीत. पत्रांत कधी विनवणी असे, कधी कविता असे, कधी रुसवा असे. इकडे पंढरपुरास लक्ष्मीबाई ती पत्रे वाचीत, रडत, रागावत, आणि आपल्याही दुःखाला शब्द देत. ज्यांना लिहिण्यावाचण्याचा पुरता सराव नव्हता त्यांच्या हातून ह्याच वियोगाच्या दिवसांत कविता उतरू लागली. एका घरात राहत असता जे दोघांस एकमेकांशी बोलता आले नव्हते, ते आता दूर राहून कागदावर बोलले जाऊ लागले. आधी मुकाट्याने झालेल्या चुकीचे हे फार महागडे प्रायश्चित्त होते. तथापि ते खरे होते.

सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई मुलासह पतीकडे आल्या. पण त्या ख्रिस्ती होऊन आल्या नाहीत. सोवळे त्यांच्या हाडीमासी खिळलेले होते. त्यांनी आपली चूल वेगळी मांडली, आपले पाणी वेगळे ठेविले, आपले पूजापाठ चालू ठेविले. येथे टिळकांची खरी परीक्षा झाली. ख्रिस्ती उपदेशकाच्या बिऱ्हाडी पत्नी कोणाच्या हातचे पाणी घेत नाही, हे पाहून लोक काय म्हणत असतील, ह्याची कल्पना आपण करू शकतो. आपल्यापैकी किती जणांनी अशा वेळी आवाज चढविला असता, ताट भिरकाविले असते, अथवा हात उगारला असता! टिळकांचा स्वभाव पाहता त्यांसही राग आवरणे सोपे नव्हते. तरी पत्नीच्या चुलीवर त्यांनी जुलूम केला नाही. दोघे वाद करीत, भांडत, हसत, पुन्हा वाद करीत. परंतु विश्वास ही वस्तू कोणाच्या घशात कोंबता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

फळ राहुरीस आले. पूर्वी पंढरपुरास काय किंवा जलालपुरास काय, जो प्रश्न लक्ष्मीबाईंच्या मनास कधी शिवला नव्हता, तो तेथे त्यांच्यापुढे उभा राहिला. ही उच्चनीचता देवाने केली की माणसांनी? पशूंच्या जाती निराळ्या दिसतात. माणसांत तसा फरक देवाने कोठे ठेविला आहे? विचार करता करता त्यांस असे वाटले की, हा भेद देवाचा नव्हे. त्याच क्षणी बाळपणापासून पायांत असलेली बेडी तुटली. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई त्यांच्या हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला व तो पार पाडिला. मन वळले तरी देह लवकर वळत नाही. जन्माच्या सवयीस त्यांस नेटाने मोडावे लागले. मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या धाकाने नव्हे, पतीच्या सुखासाठीही नव्हे, तर स्वतःच्या बुद्धीस व अंतःकरणास पटले म्हणून. यास्तव तो विश्वास पुढे कोणत्याही वाऱ्याने हलला नाही.

त्या दुष्काळाच्या व प्लेगाच्या वर्षांत ह्या दांपत्याचे घर अनाथ मुलांनी भरले. जी स्त्री एके काळी परक्याचा पदर लागला तर स्नान करी, ती रोग्यांच्या उशापायथ्याशी बसू लागली. टिळकांस १९०४ साली पाळकपणाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ते ज्ञानोदयाच्या मराठी भागाचे संपादक होते. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून ते साताऱ्यास गेले व देवाचा दरबार नावाचे कार्य त्यांनी आरंभिले. ह्या सर्व फेरफारांत लक्ष्मीबाई बरोबर होत्या. मात्र मान खाली घालून नव्हे. त्यांस न पटलेले त्या स्पष्ट बोलत, पतीच्या व्यवहारशून्यपणाची थट्टाही करीत, आणि टिळकांस ते ऐकून घ्यावे लागे. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळक प्रभूकडे गेले.

पतीच्या मागे लक्ष्मीबाई सतरा वर्षे जगल्या. टिळकांनी आरंभिलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य थोड्याच अध्यायांनंतर अपुरे राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या ह्या बाईंनी त्यात साठाहून अधिक अध्यायांची भर घातली. १९३४ पासून त्यांची स्मृतिचित्रे भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली, आणि मराठी भाषेत आत्मचरित्र कसे असावे ह्याचा तो ग्रंथ नमुना ठरला. त्यात त्यांनी पतीचे दोष झाकले नाहीत व स्वतःचेही झाकले नाहीत. तरी वाचणाऱ्याच्या मनात टिळकांविषयी प्रीतीच उत्पन्न होते. ज्या घरात दोष उघड बोलता येतात त्या घरातील प्रीती खोटी नसते, हेच त्यावरून दिसते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचा अंत झाला.

बंधुभगिनींनो, ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट शिस्तीविषयी. शरीरास शिस्त लावावी असे शास्त्र सांगते, हे खरे. परंतु कोणाच्या शरीरास? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल आपल्या स्वतःच्या शरीरास ताब्यात ठेवण्याविषयी बोलतो. दुसऱ्याच्या शरीराविषयी नव्हे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर पतीने पत्नीवर स्वतःच्या देहासारखी प्रीती करावी, आणि ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःस दिले तसे तिच्यासाठी स्वतःस द्यावे, असे त्याने सांगितले आहे. ख्रिस्ताने मंडळीस मारिले नाही. त्याने मंडळीसाठी मार खाल्ला. जो पुरुष अधीनतेचे वचन तेवढे तोंडपाठ करितो व हे वचन विसरतो, त्याने अर्धे पान फाडून टाकिले आहे. टिळकांची देहशिस्त पत्नीच्या पाठीवर नव्हती; पाच वर्षे दुसरा संसार न थाटता वाट पाहण्यात ती होती. लक्ष्मीबाईंची देहशिस्त सोवळे मोडताना स्वतःच्या शिसारीस जिंकण्यात होती.

दुसरी गोष्ट बोलण्याविषयी. पवित्र कार्यही जोडीदारास अंधारात ठेवून केले तर त्याची जखम होते. कर्ज काढणे असो, शेताचा तुकडा विकणे असो, मुलीचे लग्न ठरविणे असो, किंवा सेवेसाठी गाव सोडणे असो, रात्री दिवा मालविण्यापूर्वी दोघांनी बसून बोलावे. राग आला असता सूर्य मावळण्यापूर्वी तो सोडावा, हे प्रेषिताचे सांगणे फार व्यवहाराचे आहे; कारण रात्रभर मुरलेला राग सकाळी हातात उतरतो. समोरासमोर बोलवत नसेल तर चार ओळी लिहून ठेवाव्या. टिळकांच्या घरी तेच औषध लागू पडले. आणि बोलणे म्हणजे एकाने सांगणे व दुसऱ्याने ऐकणे नव्हे. पत्नी उलट बोलली म्हणजे ती अधीन नाही, असे समजू नये. लक्ष्मीबाई जन्मभर उलट बोलल्या, आणि त्यांच्याइतकी पतीची साथ फार थोड्यांनी केली असेल.

तिसरी गोष्ट उपदेशक व वडील मंडळी ह्यांच्यासाठी. शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज आला असता तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे असे म्हणून आपले दार लावून घेऊ नका. मार खाणाऱ्या बहिणीस नुसते सोसावयास सांगून परत पाठवू नका. आधी तिला सुरक्षित ठिकाण द्या. मग त्या पुरुषाशी एकांतात, पण स्पष्टपणे बोला. आपल्या देशात २००५ साली झालेल्या कायद्याने घरातील मारहाण, शिवीगाळ व छळ ह्यांविरुद्ध स्त्रीस संरक्षण दिले आहे. त्याचा आधार घेणे हा विश्वासाचा अभाव नव्हे. वाट पाहण्याचे व्रत टिळकांनी स्वतः घेतले होते. ते मार खाणाऱ्या स्त्रीवर लादावयाचे नाही.

आज पंढरपुरास जाणारे आपण पुष्कळ आहो. कोणी बाजारास जातो, कोणी कामास. चंद्रभागेचे वाळवंट दिसले म्हणजे त्या तरुण स्त्रीची आठवण करावी, जी तेथे लहान मुलास घेऊन पतीची पत्रे वाचीत बसे. आणि घरी परतल्यावर, ज्या गोष्टीवरून आपला अबोला चालला असेल, ती गोष्ट त्याच संध्याकाळी, हात खाली ठेवून व आवाज खाली ठेवून, बोलावयास काढावी. प्रभु आपल्या प्रत्येक घरास असे बोलण्याचे व ऐकण्याचे सामर्थ्य देवो.